घरकामगाराला दया नव्हे, दंडक हवा!

कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतीस ‘पंचतारांकित’ हे विशेषण लाभले, त्यास आता बराच काळ लोटला. रुंद रस्ते, पाणी आणि वीज यांच्या सोयी, पुणे-बंगळूर महामार्गाचे सान्निध्य यांच्या बळावर एके काळच्या या उजाड माळावर ओतशाळा उभ्या राहिल्या, कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने उभे राहिले. कोल्हापूर जिल्ह्याच्या उद्योगशीलतेचा हा मानबिंदू होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, हे तारे मोजणारांच्या दृष्टीस एक गोष्ट कधी पडलेली नाही. सकाळच्या पाळीस जो अधिकारी, जो तंत्रज्ञ, जो कारकून हातात डबा घेऊन घराबाहेर पडतो, त्याच्या डब्यातील पोळ्या कोणी लाटल्या? तो आणि त्याची नोकरी करणारी पत्नी दिवसभर निश्चिंतपणे कामावर राहतात, तेव्हा त्यांच्या घरची धुणीभांडी, केरवारे आणि फरशी कोण उरकते? त्यांचे तान्हे मूल कोण सांभाळते? ती बाई आपल्या स्वतःच्या घरची चूल पहाटे पेटवून, आपल्या लेकरांना झोपेतच सोडून, दुसऱ्याच्या घरचा दिवस सुरू करून देण्यासाठी आलेली असते. वसाहतीच्या नकाशात तिला जागा नाही, कामगारांच्या गणतीत तिचे नाव नाही आणि उत्पादनाच्या हिशेबात तिच्या श्रमाची नोंद नाही. मात्र ती एक दिवस आली नाही, की पंचतारांकित वसाहतीतील कितीतरी घरांचे घड्याळ बंद पडते!

या स्त्रीच्या हक्कांचा आणि तिला कामावर ठेवणारांच्या कर्तव्यांचा प्रश्न आज पहिल्या पानावर मांडण्याचे कारण असे, की हा प्रश्न सरकारचा म्हणून दूर लोटता येण्याजोगा नाही. तो तुमच्याआमच्या उंबरठ्याच्या आतला आहे.

कारखान्याच्या फाटकाच्या आत आज जो कामगार उभा आहे, त्याच्या पाठीशी पाऊण शतकाचा कायदा उभा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याला कामाच्या तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला दिला. त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्याने आजारपणात आधार दिला. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी, १९६५ च्या कायद्याने बोनस आणि १९७२ च्या कायद्याने उपदान दिले. हे व इतर मिळून एकोणतीस केंद्रीय कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहितांत सामावले गेले. त्या संहितांचे गुणदोष काहीही असोत, कामगार हा माणूस आहे, त्याला विश्रांती लागते, तो आजारी पडतो आणि एक दिवस म्हातारा होतो, एवढे तरी कारखान्याच्या बाबतीत कायद्याने मान्य केलेले आहे. परंतु हाच कायदा घराच्या दारापाशी येतो आणि पायताणे काढून बाहेरच थांबतो! सामाजिक सुरक्षेच्या संहितेने घरकामगाराला असंघटित कामगारांच्या व्याख्येत घेतले आहे खरे. पण त्यामुळे योजना आखण्याची जबाबदारी सरकारवर आली. तिने किती तास राबावे, आठवड्यातून किती दिवस विसावा घ्यावा, काम सुटताना तिच्या हाती काय पडावे, हे सारे घरच्या धन्याच्या मर्जीवरच राहिले.

यातील विसंगती अशी, की कारखान्यातील मालक, अधिकारी आणि कामगार हे तिघेही संध्याकाळी घरी जातात, तेव्हा तिघेही मालकच होतात. बोनसच्या वाटाघाटीत ज्याने चार दिवस कडाक्याचा वाद घातला, तो पुढारीदेखील घरी आल्यावर दिवाळीला मोलकरणीच्या हाती एक जुनी साडी आणि फराळाचा पुडा ठेवून मोकळा होतो. बोनसचा किमान दर ८.३३ टक्के आहे, हे त्याला तोंडपाठ असते. वर्षाच्या वेतनाचे ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे नेमका एका महिन्याचा पगार! जो हिशेब स्वतःसाठी न्याय ठरतो, तोच दुसऱ्याला देताना उपकार कसा ठरतो, याचे उत्तर त्याने स्वतःच्या मनाशी द्यावे.

या विषयाची चर्चा निघाली, की काही ठराविक सबबी पुढे केल्या जातात. पहिली सबब मोठी गोड आहे. “आमच्या मावशी म्हणजे आमच्या घरच्याच आहेत, आमच्यात मालक-नोकर असे काही नाही,” असे अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान सर्वस्वी खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अनेक घरांत वर्षानुवर्षांचा जिव्हाळा असतो, लग्नकार्यात मदत होते, मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. पण ज्या नात्यात एकाने कधी आजारी पडावयाचे नाही, पडल्यास पगार कापून घ्यावयाचा, खुर्चीवर बसावयाचे नाही आणि घरातील एखादी वस्तू दिसेनाशी झाली की सर्वांच्या आधी आपली पिशवी उघडून दाखवावयाची, त्या नात्यास मावशीचे नाव देणे ही मावशीची विटंबना आहे. मावशी म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. पण त्या शब्दाने पगाराचा, रजेचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला, असे मानू नये.

दुसरी सबब ऐपतीची. “आम्ही काही कारखानदार नव्हे, आमचेच महिन्याचे तोंड मिळवणी होत नाही,” असे पगारदार गृहस्थ सांगतो. त्याची अडचण आम्ही जाणतो. परंतु ज्याला बाजारातील भाव परवडत नाही, तो कमी माल घेतो. दुकानदाराने आपल्या गरिबीसाठी तोटा सोसावा, असे म्हणत नाही. श्रमाच्या बाबतीतच हा न्याय उलटा का व्हावा? आपल्या घराचा ताळा आपल्याहून गरीब घराच्या पोटाला चिमटा काढून जमविणे, ही काटकसर खचितच नव्हे.

तिसरी सबब अधिक विचार करण्याजोगी आहे. “ती आमच्याकडे तासभर येते, तेवढ्याला रजा आणि बोनस कसला?” असे विचारले जाते. या प्रश्नातच या व्यवसायाचे खरे दुखणे दडलेले आहे. तासभर तुमच्याकडे, तासभर शेजारी, दोन तास पलीकडच्या इमारतीत, असे करीत तिचा दिवस कारखान्याच्या पाळीहून लांब होतो. मात्र तिचा संपूर्ण दिवस कोणा एकाचाच नसल्यामुळे तिची संपूर्ण जबाबदारीही कोणा एकाची राहत नाही. चार घरांपैकी एकाने तिला रविवारी सुट्टी दिली, दुसऱ्याने बुधवारी दिली आणि उरलेल्या दोघांनी दिलीच नाही, तर तिला विश्रांतीचा एक तरी दिवस मिळाला काय? चारांपैकी दोन धनी सज्जन असूनही तिचे सातही दिवस कामाचेच राहिले! यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दया ही एका घराची असू शकते. हक्क मात्र साऱ्या वसाहतीने मिळून मानला, तरच तो हक्क होतो. एकेकट्या घराच्या चांगुलपणाने हा प्रश्न सुटणारा नाही. त्यासाठी सर्वांना बांधणारा दंडक हवा.

हा दंडक व्हावा, अशी मागणी आजची नाही. १९५९ साली लोकसभेत बी. सी. कांबळे यांनी आणि राज्यसभेत पां. ना. राजभोज यांनी घरकामगारांच्या सेवेच्या अटींसंबंधी खासगी विधेयके मांडली होती. महाराष्ट्राच्या मातीतून वर आलेल्या, दलितांचे दुःख जाणणाऱ्या या दोन प्रतिनिधींना जे सहा दशकांपूर्वी दिसले, ते देशाच्या कायदेमंडळाला पुढे कितीतरी वर्षे दिसले नाही. ती विधेयके कायद्याच्या पुस्तकात पोचलीच नाहीत. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप पुकारला. कोणा मोठ्या पुढाऱ्याने त्यांना रस्त्यावर आणले नव्हते. त्या आपण होऊन उतरल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची रजा, आजारपणातील आधार या त्यांच्या मागण्या होत्या. एकटी बाई जे मागू शकत नव्हती, ते शेकडो जणींनी एका तोंडाने मागितले, आणि ज्या घरांना आपण मालक आहोत याचीही जाणीव नव्हती, त्यांना ती प्रथमच झाली.

त्यानंतर महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगाराची नोंदणी, अपघातात तातडीचे साहाय्य, मुलांच्या शिक्षणास व औषधोपचारास मदत, प्रसूतीलाभ, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च, अशी त्याची योजना आहे. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत कामगारास १०,००० रुपयांचे सन्मानधन देण्याचीही तरतूद पुढे झाली. हेतू स्तुत्य आहे. पण तीस वर्षे भांडी घासून ज्या हातांच्या रेषा पुसल्या, त्यांचा सन्मान १०,००० रुपयांत आटोपतो, हे वाचून कोणाही सहृदय माणसाची मान खाली गेल्यावाचून राहणार नाही. शिवाय या कायद्याने मंडळ दिले. वेतनाचा दर ठरविला नाही आणि घरमालकावर सक्तीची वर्गणीही बसविली नाही. ज्याच्यासाठी श्रम झाले, तोच या सगळ्या व्यवस्थेतून अलगद बाहेर राहिला.

माथाडी कामगारांच्या बाबतीत याच महाराष्ट्राने वेगळा मार्ग दाखविलेला आहे. हमालाचाही एक मालक नसतो. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात, असेच त्याचे जिणे. तरीही अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने मालक, कामगार आणि सरकार यांचे संयुक्त मंडळ निर्मिले आणि मजुरीबरोबर तीवरील लेव्हीही मालकाने मंडळाकडे भरावी, असा नियम केला. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार या गोष्टी पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसापर्यंत पोचल्या. अनेक मालकांच्या हाताखाली काम करणाऱ्या पुरुषासाठी जे शक्य झाले, ते अनेक घरांत काम करणाऱ्या स्त्रीसाठी अशक्य का असावे? तिच्या डोक्यावरचे ओझे दिसत नाही, एवढेच काय ते कारण!

शेजारी पाहावयाचे तर फार लांब जावे लागत नाही. कागलपासून दूधगंगेचा पूल ओलांडला, की कर्नाटकाची हद्द लागते. त्या राज्याने २००४ साली घरकामास किमान वेतनाच्या कक्षेत आणले. तेथील अंमलबजावणीत उणिवा असतील. पण घरकाम हे काम आहे आणि त्यास दर असतो, हे तरी त्या सरकारने लेखी मान्य केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती आणि कामाच्या अटींची स्पष्ट कल्पना हे हक्क त्याने सांगितले. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. परंतु त्यास अधिकृत मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. त्याच संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ७ कोटी ५६ लक्ष घरकामगार आहेत, त्यांतील तीनचतुर्थांशाहून अधिक स्त्रिया आहेत आणि दर शंभरांपैकी एक्क्याऐंशी जणांना कामगार म्हणून कोणतेही नियमित संरक्षण नाही. हा करार सर्वप्रथम मान्य करणारे राष्ट्र म्हणजे दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे. तेथे २००६ च्या कायद्याने घरकामगारांस कामाच्या तासांची मर्यादा आणि साप्ताहिक विश्रांती मिळाली. पुढे वेतन ठरविण्यासाठी २००८ साली त्रिपक्षीय मंडळ बसले, तेव्हा मालकांच्या बाजूने तेथील गृहिणींची संघटना वाटाघाटीस आली. एका बाजूस घरधनिणी, दुसऱ्या बाजूस घरकामगार स्त्रिया आणि मध्ये सरकार! हे चित्र आमच्याकडे हास्यास्पद वाटत असेल, तर दोष चित्राचा नव्हे, आमच्या दृष्टीचा आहे.

आमचे सर्वोच्च न्यायालयही या बाबतीत बोलले आहे. २९ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट असावी की काय, याचा विचार करण्याकरिता केंद्र सरकारने समिती नेमावी, असा आदेश दिला. समित्या बसतात आणि उठतात. त्यांची वाट पाहत राहिलो तर आज भांडी घासणारी बाई पुढच्या पिढीला त्याच मोरीपाशी बसवून जाईल.

आणि कोल्हापूरने कोणाची वाट पाहण्याचे कारण तरी काय? ज्या कागलच्या मातीवर ही वसाहत उभी आहे, त्याच कागलकर घाटगे घराण्यात राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. मोबदल्यावाचून माणसाला राबविणारी वेठ आणि तिला बांधून ठेवणारी महार वतने त्यांनी मोडून काढली. गंगाराम कांबळे यांची हकीगत करवीरनगरीत सर्वश्रुत आहे. राजवाड्याच्या चाकरीत असलेल्या या माणसाने पाण्याच्या हौदास स्पर्श केला, म्हणून त्यास मारहाण झाली. महाराजांनी मारणारांस शासन केले, गंगारामांना चाकरीतून मोकळे करून चहाचे दुकान काढण्यास साहाय्य दिले आणि स्वतः त्या दुकानाचा चहा घेतला. एका चाकराच्या हातचा कप छत्रपतीने ओठाला लावला, तो केवळ चहासाठी नव्हे, हे सांगावयास नको. त्या घटनेला शंभर वर्षे उलटली. आणि आजही याच जिल्ह्यात अशी सुशिक्षित घरे आहेत, जेथे मोलकरणीचा कप वेगळा, ताटली वेगळी आणि ती ठेवण्याची जागाही वेगळी असते! ज्या हातांनी घासलेल्या ताटात आम्ही जेवतो, त्या हातांचा कप आमच्या कपांत मिसळू नये, या विचाराला स्वच्छता हे नाव देता येणार नाही. शाहूंच्या पुतळ्याला हार घालणारांनी आधी आपल्या स्वयंपाकघरातील तो वेगळा कप फोडावा.

तेव्हा करावयाचे काय, हे आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो. प्रत्येक घरमालकाने पहिले कर्तव्य असे मानावे, की काम, त्याचा वेळ, त्याचा पगार आणि त्याची तारीख हे आरंभीच ठरवावे व कागदावर लिहून द्यावे. पाहुणे आले म्हणून वाढलेल्या कामाचे वेगळे पैसे द्यावे. दुसरे, आठवड्याची एक सुट्टी पगार न कापता द्यावी, आणि ती साऱ्या इमारतीने वा गल्लीने एकाच दिवशी द्यावी. तिसरे, आजारपणाची व बाळंतपणाची रजा द्यावी आणि त्या काळात तिची जागा राखून ठेवावी. चौथे, दिवाळीस एक महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यावा, आणि कित्येक वर्षांच्या सेवेनंतर काम सुटताना वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या कारखान्यातील उपदानाच्याच मापाने हाती ठेवावा. पाचवे, चोरीचा संशय आल्यास पुराव्यावाचून झडती व धमकी यांचा अवलंब करू नये. चौदा वर्षांखालील मुलीस घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे, आणि लैंगिक छळापासून संरक्षण देणाऱ्या २०१३ च्या कायद्यात घर हेदेखील कामाचे ठिकाण गणलेले असून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे घरकामगार स्त्रीस दाद मागता येते, याचे स्मरणही सर्वांनी ठेवावे.

सहावे कर्तव्य सर्वांत सोपे आहे आणि तेच सर्वाधिक टाळले जाते. कल्याण मंडळात नोंदणी करण्यासाठी ही बाई आपल्या घरी काम करते, असा मालकाचा दाखला लागतो. एका सहीचा प्रश्न! पण उद्या काही अंगावर येईल, या भीतीने ती सही नाकारली जाते. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य सरकारने नोंदीत घरकामगारांना प्रत्येकी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ज्यांची नोंद नव्हती, त्यांची नावे त्या यादीत असणे शक्यच नव्हते. सरकारच्या लेखी त्या कामगारच नव्हत्या. वर्षानुवर्षे जिचे श्रम घेतले, तिच्या अस्तित्वाची साक्ष देणारी एक सहीदेखील ज्या हातातून सुटत नाही, त्या हाताला उदारतेच्या गोष्टी शोभत नाहीत.

या कामी पुढाकार घेण्यास पंचतारांकित वसाहतीइतके योग्य ठिकाण दुसरे नाही, असे आमचे मत आहे. येथे उद्योजक एकत्र येतात, कामगार संघटित आहेत, अधिकारीवर्ग सुशिक्षित आहे आणि श्रमाचे कायदे काय असतात, हे तिघांनाही रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे. कागल, गोकुळ शिरगाव, हुपरी आणि कोल्हापूरची उपनगरे येथील ज्या घरांत या वसाहतीचा पगार जातो, त्या घरांपुरता तरी एक समान करारनामा या तिघांनी घरकामगार स्त्रियांना बरोबर बसवून तयार करावा. कामगार कार्यालयाने कसबा सांगाव, तळंदगे, यळगूड यांसारख्या आसपासच्या गावांत, स्त्रिया घरी असतील अशा वेळी, नोंदणीची शिबिरे भरवावी. दिवसाचा पगार बुडवून कचेरीत ये, असे तिला सांगू नये. राज्य सरकारने घरकामाचा किमान दर ठरवून माथाडी मंडळाच्या धर्तीवर मालकाचा हिस्सा सक्तीचा करावा. आणि कामगार संघटनांनी आपल्या पुढच्या मागणीपत्रकाच्या आरंभी एक कलम स्वतःसाठी लिहावे, की आमच्या सभासदाच्या घरी काम करणाऱ्या बाईस आठवड्याची सुट्टी आणि वर्षाचा बोनस मिळेल. ज्या संघटनेने हे केले, तिच्या पुढच्या लढ्यात तिचा शब्द दुप्पट वजनाने पडेल, यात शंका नाही.

औद्योगिक वसाहतीला तारे सरकारने दिले; ते रस्त्यांसाठी, पाण्यासाठी, विजेसाठी दिले. पण आपल्या घरात राबणाऱ्या सर्वांत दुबळ्या माणसाशी आपण कसे वागतो, याचे तारे कोणतेही सरकार देऊ शकत नाही. ते आपले आपणच मिळवावे लागतात. येत्या पहिल्या तारखेस मोलकरणीच्या हाती पगार ठेवताना प्रत्येक घरमालकाने त्याबरोबर रजेचा दिवस लिहिलेला एक कागद आणि नोंदणीच्या अर्जावरची आपली सही ठेवावी. त्यासाठी दिल्लीच्या समितीची वा मुंबईच्या आदेशाची आवश्यकता नाही. लेखणी प्रत्येकाच्या खिशात आहे.